विश्वास भत्ता

लोकवाहिनीच्या निवेदकांच्या पगाराची यादी दर वर्षी जूनमध्ये जाहीर होत असे. वाहिनी जनतेच्या पैशावर चालते, तेव्हा कोणाच्या ताटात किती पडतं हे जनतेला कळलं पाहिजे, असा कायदाच होता. त्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव कोल्हापूर केंद्राच्या हेमलता शिरगुप्पे यांचं निघालं. मुंबईच्या स्टुडिओत टेबलं बडवणाऱ्या भल्याभल्यांना मागे टाकून, रोज संध्याकाळी सात वाजता ‘ओसरी’ नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करणारी एक्कावन्न वर्षांची बाई पहिली आली. केंद्रावर पेढे वाटले गेले. पेढे खाऊन हात पुसल्यावर सहकाऱ्यांनी यादी नीट वाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून हेमलताबरोबर चहाला जायला कोणाला वेळ मिळेना.

मूळ पगार सगळ्यांचा सारखाच होता. फरक पडायचा तो ‘विश्वास भत्त्या’मुळे. हा भत्ता म्हणजे सरकारी डोक्यातून निघालेली नामी चीज. तीन वर्षांपूर्वी विधिमंडळाच्या एका समितीने विचारलं होतं, की निवेदकांना एवढे पगार देता, पण त्यांचं कोणी ऐकतं का? किती सेट चालू आहेत एवढंच वाहिनीला कळायचं. सेट चालू ठेवून माणसं भाजी निवडतात, भांडतात, घोरतात. ते कसं धरायचं? यावर उत्तर म्हणून घरोघर ‘स्पंदन’ डबी आली. काडेपेटीएवढी, टीव्हीखाली चिकटवायची, फुकट.

डबीचं तत्त्व सोपं होतं. तिच्यातून चार-पाच मिलिमीटर लांबीच्या आखूड रेडिओलहरी खोलीभर पसरायच्या आणि माणसांच्या छातीवर आपटून परत यायच्या. श्वास घेतला की छाती काही मिलिमीटर हलते. हृदयाच्या ठोक्याला त्याहून कितीतरी कमी हलते, पण हलते. परत आलेल्या लहरीत तेवढा फरक पडतो आणि त्यावरून नाडी आणि श्वास दोन्ही मोजता येतात. अंगाला तार लावायला नको की बोट पुढे करायला नको. ज्याच्यावर आपला भरवसा असतो त्याचा आवाज ऐकताना माणसाचा श्वास लांबतो, नाडी संथ होते. शंका आली की तीच नाडी दुडकी धरते. लाखो घरांतल्या नाड्या एकत्र करून शंभरपैकी एक ‘विश्वासांक’ काढायचा आणि त्यावर निवेदकाचा भत्ता ठरवायचा. ज्या घरातून ठोका येणार नाही त्या घराचा विश्वास शून्य धरायचा.

हेमलताचा विश्वासांक होता चौऱ्याऐंशी. कॅमेऱ्याखालच्या छोट्या पडद्यावर तो तिला बोलताबोलता दिसायचा आणि, लपवायचं कशाला, तिला तो बघायला आवडायचं. सव्वीस वर्षं लोकांच्या घरात बोललो, लोक आपल्याला घरचं मानतात, हे आता यंत्रही म्हणतंय, याचा कोणाला आनंद होणार नाही?

एका गुरुवारी दुपारी फाटकावरच्या रखवालदाराने आत फोन केला. “हेमाताई, एक बाई आलीया. दोन तास झालं. तुमाला भेटल्याबगार उठनार न्हाई म्हंती.”

अशी माणसं अधूनमधून येत. कोणी लोणच्याची बरणी घेऊन येई, कोणी सही मागायला. हेमलताने पर्समधून पेन काढलं आणि ते हातात धरूनच ती फाटकाशी गेली. कट्ट्यावर पंचविशीची, काटकुळ्या अंगाची बाई बसली होती. सूतगिरणीची निळी ओढणी अजून खांद्यावर होती.

“सही हवीय का?” हेमलताने हसून विचारलं.

“न्हाई. सोमवारी तुमी माझं नाव घेतलासा, ते इचारायला आलो,” ती म्हणाली. त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषी बोलतात. “प्रणाली आवटे. शिरटेवाडी.”

हेमलताला आठवलं. ‘ओसरी’ची शेवटची पाच मिनिटं नावांची असत. कोणाचा वाढदिवस, कोणाची मुलगी पास झाली, कोणाचा म्हातारा दवाखान्यातून घरी आला. प्रेक्षकांनी कळवायचं आणि हेमलताने गावाच्या नावासकट वाचायचं. सोमवारी तिने आपल्या त्या सुप्रसिद्ध मऊ आवाजात वाचलं होतं, ‘शिरटेवाडीच्या प्रणाली आवटे यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे. ओसरीवरून त्यांना भरभरून शुभेच्छा.’

“हो हो! अभिनंदन गं,” हेमलता म्हणाली.

“मी कळवलंच न्हवतं.”

“मग घरातल्या कुणीतरी—”

“घरात कुनाला म्हाईतच न्हवतं. नवऱ्यालाबी न्हाई.” प्रणालीचा आवाज चढला नाही, तो नुसता कोरडा होता. “आदी दोनदा पोटातच गेलं माझं. तवा सासूबाई म्हनल्या, पुढल्या टायमाला तीन म्हयनं भरल्याबगार भिंतीलाबी सांगायचं न्हाई. म्या न्हाई सांगितलं. तुमी सांगितलासा. आख्ख्या म्हाराष्ट्राला.”

हेमलताच्या हातातलं पेन आता तिला कुठे ठेवावं कळेना.

“गिरणीत दोनशे चाळीस दिस भरलं की कायम करत्यात,” प्रणाली पुढे म्हणाली. “माझं दोनशे एकतीस भरलं हुतं. मंगळवारी मुकादम म्हनला, टीव्हीवर ऐकलं, पेढं कुठं हायत? आनि बुधवारी म्हनला, आवटे, उद्यापासनं येऊ नका.”

“मी गिरणीत फोन करते. मी स्वतः माफी—”

“कोपऱ्यातली माफी नगो मला. चारचौघांत नाव घेतलं, तर चारचौघांतच सांगायचं, की ह्या बाईनं आमाला काय कळवलं न्हवतं. आनि माझं नाव परत घ्यायचं न्हाई.”

“अगं, नाव न घेता कसं सांगणार?”

प्रणाली उठली, ओढणी झटकली. “ते तुमचं काम. त्याचाच पगार हाय न्हवं तुमाला? यादी वाचली म्या. पयला नंबर.”

ती निघून गेली. हेमलता रखवालदारासमोर उभी राहिली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आवाजाची लाज वाटली.

केंद्रावरचे प्रक्षेपण अभियंता झाकीर मुजावर हे तिचे जुने स्नेही. यादी लागल्यावरही चहाला येणारे ते एकटेच. हेमलता थेट त्यांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगितलं. मुजावरांनी दार लोटून घेतलं.

“ताई, डबी नाव विचारत नाही, हे खरं,” ते म्हणाले. “कागदोपत्री सगळं निनावी आहे. पण ठोका हा चालीसारखा असतो. लांबून चाल बघून आपण माणूस ओळखतो ना? तसं. नाव काढून टाकलं म्हणून चाल बदलत नाही. आणि डबी कोणत्या घरात लावली याची नोंद आहेच. दोन्ही जोडलं की झालं.”

“पण पोटातलं मूल?”

“मूल दिसत नाही हो. दिवस गेले की बाईची बसल्याजागची नाडी वाढते. मिनिटाला पाच, सात, दहा ठोके. कधीकधी तिला स्वतःला शंका यायच्या आधी. यंत्र जुन्या महिन्यांशी ताडून बघतं आणि अंदाज बांधतं.”

“आणि तो अंदाज माझ्या तोंडी कोणी घातला?”

मुजावरांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, “तीन महिन्यांपासून नावांची पाच मिनिटं यंत्रच लिहितं. स्वतःचं नाव ऐकलं की त्या घराचा विश्वासांक वाढतो. संचालक मुळगुंद साहेबांची सही आहे. लोकांचीही आहे म्हणा, संमतीपत्रकावर. त्रेचाळीस पानी आहे ते.”

हेमलता खुर्चीत बसली. जायला उठलीच होती, तेवढ्यात तिच्या मनात नको ते आलं. “झाकीरभाई, माझ्या घरचा आकडा किती?”

“बघू नका, ताई.”

“बघू द्या.”

त्यांनी नाइलाजाने दाखवला. राजारामपुरी, शिरगुप्पे, सायंकाळी सात. घरात त्या वेळी एकच माणूस असे, तिचा नवरा जिनदत्त. विश्वासांक एकोणीस.

सगळ्या जिल्ह्यात इतका कमी आकडा दुसऱ्या कोणाचा नव्हता.

जिनदत्तचे इचलकरंजीला सोळा माग होते. ते बंद पडले तेव्हापासून घर हेमलताच्या पगारावर चालत होतं आणि त्याबद्दल दोघांत कधी वाकडा शब्द गेला नव्हता. त्या संध्याकाळी कार्यक्रम करून ती घरी आली. नावांची पाच मिनिटं तिने गाणं लावून काढली होती. चप्पल काढायच्या आधीच ती म्हणाली, “तुमचा माझ्यावर विश्वास नाही?”

जिनदत्त दाणे सोलत होता. “म्हणजे?”

“एकोणीस आहे तुमचा आकडा. एकोणीस! शिरोळच्या अनोळखी म्हाताऱ्याचा ब्याण्णव आहे.”

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. “तू माझी नाडी बघितलीस?”

“फक्त—”

“मला न विचारता? माझ्या छातीत काय चाललंय ते तू ऑफिसात बसून बघितलंस? दुसऱ्या माणसासमोर?” तीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं चिडलेलं तिने पाहिलं नव्हतं. “अगं, समोर बसून विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का मी?”

हेमलता त्याच्यासमोर खाली बसली. फाटकावरच्या पोरीला काय झालं असेल ते आता कुठे तिच्या पुरतं ध्यानात आलं. मग तिने विचारलं, “सांगा. आता विचारते.”

“पूर्वी तू नावं वाचताना अडखळायचीस,” जिनदत्त म्हणाला. “कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणी गावाचं नाव चुकीचं लिहायचं. तू थांबायचीस, कागद डोळ्यांजवळ न्यायचीस. मला बरं वाटायचं, वाटायचं की कुणीतरी खरंच लिहिलंय. गेल्या तीन महिन्यांत तू एकदाही अडखळली नाहीस.”

हे खरं होतं. तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ निवेदिकेने बजावलं होतं, पत्र हातात असल्याशिवाय कोणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. समोरच्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या आणि हातात कागद धरायची तिची सवय कधी सुटली ते तिलाही कळलं नाही. यंत्राने लबाडी केली होती, पण तोंड तिचं होतं.

“उद्या मी बोलणार आहे,” ती म्हणाली. “भत्ता जाईल. कदाचित कार्यक्रमही.”

“मूळ पगारात या घराचं भाडं भागत नाही.”

“माहीत आहे.”

जिनदत्तने शेंगा पुन्हा पुढे ओढल्या. “मला भीती वाटतेय, हे आकड्यात बघायच्या आधी सांगून टाकतो,” तो म्हणाला. “पण बोल.”

शुक्रवारी सकाळी ती केंद्र संचालक विद्याधर मुळगुंदांच्या खोलीत गेली. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एका डब्यात जेवलेले, त्यामुळे दारावर टकटक करण्याचा प्रश्न नव्हता.

“पत्रं येत नव्हती, हेमा,” मुळगुंद म्हणाले. त्यांनी काही नाकारलं नाही, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं की निगरगट्टपणा, ते तिला ठरवता येईना. “आठवड्याला चार पत्रं यायची. पाच मिनिटं कशाने भरायची? केंद्र बंद करायची फाइल मुंबईला तयार होती. तुझ्या आकड्यामुळे हे केंद्र वाचलं. चाळीस माणसांच्या चुली पेटतात तुझ्या आकड्यावर.”

“आणि ती पोरगी?”

“चार हजार शुभेच्छा दिल्या आपण. त्यात एखादी चुकते.”

“चुकली नाही, विद्याधर. बरोबर निघाली. चुकली असती तर ती हसली असती आणि विसरली असती.”

मुळगुंदांनी चष्मा पुसला. “वेबसाइटवर खुलासा टाकतो.”

“कोण वाचतं तो?”

“त्यासाठीच तर टाकतात,” ते म्हणाले आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच ओशाळले. मग आवाज कडक केला. “आज संध्याकाळी ठरल्यापेक्षा एक शब्द जास्त बोललीस, तर मी प्रक्षेपण कापीन. कळ माझ्या हाताखाली असते, विसरू नकोस.”

“काप. कुठल्या शब्दावर कापलंस ते लोकांना दिसेल.”

संध्याकाळी सात वाजता ‘ओसरी’ सुरू झाली. दूधदराची बातमी झाली, सांगलीच्या एका शिक्षिकेची मुलाखत झाली. आकडा चौऱ्याऐंशीवर निवांत बसला होता. सात वाजून अठरा मिनिटांनी समोरच्या पडद्यावर पुढच्या बातमीच्या ठरलेल्या ओळी सरकू लागल्या आणि हेमलताने त्यांच्यावरून नजर काढून घेतली.

“मंडळी,” ती म्हणाली, “गेले तीन महिने मी या खुर्चीतून चार हजार लोकांची नावं घेतली. कुणाला लवकर बरं वाटो म्हटलं, कुणाचं अभिनंदन केलं. तुम्हाला वाटलं, त्यांनी मला कळवलं. त्यातल्या जवळजवळ कुणीच मला काही कळवलं नव्हतं. तुमच्या टीव्हीखाली जी डबी आहे, ती तुमच्या छातीचे ठोके मोजते. त्यावरून तुम्हाला काय झालंय, काय होणार आहे, याचा अंदाज बांधते. तो अंदाज मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तुमच्या घरातली गोष्ट तुमच्या आधी मी गावाला सांगितली.”

आकडा हलला. शहाऐंशी. एकोणनव्वद.

“ती चार हजार माणसं निर्दोष आहेत. मी बोलले ते माझं बोलणं होतं, त्यांचं नव्हतं. त्यावरून ज्याने कुणी कुणाचं काम काढून घेतलं असेल, सोयरीक मोडली असेल, टोमणा मारला असेल, त्याने उद्या सकाळी त्या माणसाला परत बोलवावं. नाही बोलावलं तर मला कळवा. या वेळी खरोखर कळवा. मी येऊन त्याच्या फाटकाशी बसेन. मला आता बसायला वेळ मिळणारच आहे.”

त्र्याण्णव. इतका आकडा लोकवाहिनीत आजवर कोणी पाहिला नव्हता. हेमलताला तो दिसला आणि तिच्या अंगाची लाही झाली. ती कबुली देत होती आणि त्या कबुलीचाही भत्ता वाढत होता. लाखो माणसं तिच्यावर विश्वास ठेवून शांत श्वास घेत होती आणि ते श्वाससुद्धा कुणीतरी मोजत होतं.

“हेमा, पुरे,” कानातल्या यंत्रातून मुळगुंदांचा आवाज आला. “कापतोय मी.”

“माझ्या पगाराची यादी तुम्ही वाचलीत,” ती न थांबता म्हणाली. “तो पगार तुमच्या ठोक्यांवर मिळतो. मला तो नको. तुम्ही टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. उलट बघा. फक्त उठा, स्वयंपाकघरात जा आणि स्टीलचं एक ताट आणा. ते डबीला उभं टेकवून ठेवा. ही लहर कापडातून जाते, लाकडातून जाते, धातूतून जात नाही. ताट ठेवा आणि परत येऊन बसा. मी थांबते.”

आणि ती खरंच थांबली. थेट प्रक्षेपणात निवेदकाने गप्प बसणं म्हणजे महापाप. दहा सेकंद गेली. वीस गेली. आकडा त्र्याण्णववरच होता. उठतंय कोण? अशा बाईसाठी, जिने त्यांना तीन महिने विकलं, तिच्यासाठी कोण मांडीवरचं पोर खाली ठेवून ताट आणायला जाईल?

मग एक्क्याण्णव झाले. सत्त्याऐंशी. मग आकडा असा घसरला की पडद्यावर वाचताच येईना. बासष्ट, चाळीस, तेहेतीस. काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये सगळे उभे राहिले होते. अकरा. सहा. नियम सगळ्यांना पाठ होता. आकडा दहाच्या खाली गेला की भत्ता बंद, आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम दुसऱ्याकडे.

“कापू का?” मुळगुंदांनी विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं. हेमलताने काचेकडे बघून मान हलवली, नाही. मुळगुंदांनी कळीवरचा हात उचलला आणि दोन्ही हात खिशात घातले.

दोन. एक. शून्य.

शून्य तिथेच राहिलं. लोक उठून गेले असतील तरी शून्यच दिसणार होतं, चिडून सेट बंद केले असतील तरी शून्यच. तेवढ्यात कानात मुजावरांचा आवाज आला.

“ताई, सेट सगळे चालू आहेत. एकही बंद झालेला नाही.”

हेमलताने डोळे पुसले, कॅमेऱ्यासमोरच पुसले, आणि पदर सारखा केला.

“बसलात? बरं झालं,” ती म्हणाली. “कार्यक्रमाची सात मिनिटं उरलीत. आता तुमच्या-माझ्यात तिसरं कुणी नाही. चला, बोलू.”